लोखंड बाहेर ठेवा

"त्यात लोखंड असतं का?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. इतका वेळ ते कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावत होते. ठोक्याची वीज वरून निघते, खाली पोचेपर्यंत मधेच अडते, मग हृदय क्षणभर गप्प बसतं आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. यावर उपाय एकच होता. खांद्याच्या खाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढं एक यंत्र बसवायचं आणि हृदयाने कामचुकारपणा केला की त्याने त्याला ढोसायचं. पेसमेकर म्हटल्यावर पेशंट विचारत, दुखेल का, किती वर्षं चालेल, ओझं उचलता येईल का. लोखंडाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

"लोखंड म्हणजे?"

"लोखंड, पोलाद, निकेल. चुंबकाला चिकटेल असं काहीही."

तेव्हा कुठे डॉक्टरांनी बाईंना नोकरीचं विचारलं. चुंबकीय वेधशाळेत, असं उत्तर आल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तुमची काळजी अगदी रास्त आहे, ते म्हणाले, मोठ्या चुंबकाजवळ गेलात तर यंत्र बिघडू शकतं, साहेबांना सांगून काम बदलून घ्या.

"तिथे मोठा चुंबक नाही हो डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तिथे फक्त पृथ्वी आहे. ती माझं काही बिघडवणार नाही. मीच तिथलं बिघडवीन."

डॉक्टरांनी मदतीच्या आशेने बाईंच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शिंपी होता. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणे आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बाईही मास्तरच म्हणत. परवा बाई दुकानाच्या दारात कोसळल्या तेव्हा मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. तेव्हापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. आताही गळ्यात टेप तसाच लोंबत होता आणि शर्टाच्या कॉलरवर टाचण्यांची रांग चमकत होती.

"लोखंड असू दे नाहीतर लाकूड," मास्तर म्हणाले. "कधी बसवता तेवढं सांगा."

डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात. बाईंनी महिनाअखेरीचं विचारलं. त्यावर डॉक्टरांचा आवाज जरा बदलला. पुढच्या वेळी हृदय थांबलं तर ते आपणहून परत सुरू होईलच, असं मी सांगू शकत नाही, ते म्हणाले, तेव्हा महिनाअखेर चालेल असं माझ्या तोंडून तुम्ही वदवून घेऊ नका. एवढ्या स्पष्ट बोलण्याचाही बाईंनी चालेल असाच अर्थ काढला. निघता निघता त्यांनी पुन्हा लोखंडाचं काढलं, तेव्हा डॉक्टरांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि ऐकून सांगितलं की आत असतं थोडंसं, पण अगदी किंचित, तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.

"मला नाही जाणवणार," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाईंना वेधशाळेत सुईबाई म्हणत. हे नाव त्यांच्या शिंपी नवऱ्यावरून पडलं असावं असं नव्या माणसाला वाटे, पण ते होकायंत्राच्या सुईवरून पडलं होतं. गावाबाहेर, विजेच्या गाड्यांपासून आणि कारखान्यांपासून लांब, झाडांच्या आड वेधशाळेचं आवार होतं आणि आवाराच्या पार टोकाला एक लाकडी खोली. या खोलीत लोखंडाचा कणसुद्धा नव्हता. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, कडीच्या जागी लाकडाची खुंटी. मधोमध दगडी खांब आणि खांबावर छोटी दुर्बीण, तिच्यावर चुंबकत्व मोजणारं इवलंसं यंत्र. दाराबाहेर एक लाकडी फळी आणि फळीवर पाटी: लोखंड बाहेर ठेवा. आत जाणाऱ्याने घड्याळ, किल्ल्या, पट्टा, फोन, केसांतल्या पिना, सगळं त्या फळीवर काढून ठेवायचं. मगच पायरी चढायची.

दर बुधवारी सकाळी बाई त्या खोलीत शिरत. खिडकीतून लांबच्या खांबावरची खूण दुर्बिणीत धरली की खरी उत्तर दिशा कुठे ते कळे. मग दुर्बीण फिरवत चुंबकाची उत्तर कुठे ते शोधायचं. या दोन उत्तरांमधला कोन, तोच त्यांचा वेध. कोन मोजायचा, दुर्बीण उलटी करायची, पुन्हा मोजायचा, आणि वाचताना श्वास रोखायचा. आवारात यंत्रंही होती, ती रात्रंदिवस आपोआप नोंदी करत, पण यंत्रं म्हातारी होतात, उन्हाने, थंडीने सरकतात. त्यांना जागेवर आणायला दर आठवड्याला माणसाचा डोळा लागे आणि तो डोळा बरीच वर्षं बाईंचा होता.

हे कशासाठी, असं त्यांना सासरच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारलेलं होतं. बाई उत्साहाने सांगत. होकायंत्र जिकडे बोट दाखवतं तो चुंबकाचा उत्तर ध्रुव म्हणजे पृथ्वीच्या डोक्यावरचं टोक नव्हे, तो वेगळाच. आणि तो एका जागी बसत नाही. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड ढवळत असतं, ते जसं वाहील तसा तो सरकतो. बाई नोकरीला लागल्या तेव्हा तो कॅनडाच्या वरच्या बर्फाळ बेटांत रमतगमत होता. मग त्याला काय झालं कोण जाणे, तो निघालाच. मधल्या वर्षांत तर दर वर्षाला पन्नास-पंचावन्न किलोमीटर या वेगाने पळाला, खऱ्या ध्रुवाच्या बाजूने गेला आणि सैबेरियाच्या दिशेला लागला. जहाजांचे, विमानांचे, खिशातल्या फोनचे नकाशे त्याच्या मागे मागे दुरुस्त करावे लागतात. दर पाच वर्षांनी नवा नकाशा निघतो, पण एकदा याने अशी घाई केली की मुदत संपायच्या आतच बदलावा लागला. ऐकणारा इथपर्यंत सहसा पोचत नसे. एक चुलत सासरे तेवढे शेवटपर्यंत ऐकत आणि दर वेळी म्हणत, जो जागेवर राहत नाही तो कसला गं ध्रुव.

आता इथे बसून कुणाला तो ध्रुव दिसत नाही. इथला कोन म्हणजे जगातल्या शे-दीडशे वेधशाळांच्या कोनांपैकी एक, आणि वर उपग्रह आहेतच. या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून कुणीतरी कुठेतरी ठरवतं की ध्रुव आता अमुक जागी आहे. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. उपग्रह येतात आणि जातात, आपला खांब जागेवर आहे, असं त्या म्हणत. नाकासमोर चालणारी बाई होती. तेवढ्या एका खांबावर तिचा अभिमान उभा होता.

आणि अशा बाईने लग्न केलं ते शिंप्याशी. घरात पाय टाकावा तिथे सुई, टाचणी, कात्री. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाईंचे वेध बिघडले. कोन काही केल्या जुळेना. खोलीभोवतीची माती चाळून झाली, छपराची एक फळी उचकटून पाहिली, माळ्याच्या खुरप्यावर संशय घेऊन बिचाऱ्याला रडवेला केला. शेवटी बाईंच्याच बाहीच्या दुमडीत मास्तरांची एक टाचणी निघाली. बाई घरी आल्या त्या टाचणी चिमटीत धरूनच. त्या दिवशी त्यांनी मास्तरांना जे ऐकवलं ते ऐकून शेजारचं रेडिओ दुरुस्त करणारं दुकान लवकर बंद झालं.

 मास्तरांनी बाईंसाठी वेगळे कपडे शिवले, नाडीचे, लाकडी गुंड्यांचे, आणि त्यांना वेगळं कपाट केलं. दर बुधवारी बाई निघण्याआधी ते हातात चुंबक घेऊन त्यांच्या कपड्यांवरून गळ्यापासून घोट्यापर्यंत फिरवत. कधी डबा पोचवायला वेधशाळेत गेले, तर त्या फळीपाशी आपले खिसे उलटे करत. एकदा तर पट्टा काढून, एका हाताने पँट धरून ते दारात उभे राहिले आणि बाईंनी त्यांना आत घेऊन दुर्बिणीतून खूण दाखवली. बायकोच्या नोकरीचा एवढा मान ठेवणारा माणूस बाईंना तरी दुसरा माहीत नव्हता.

आता बाईंनी महिनाअखेर का मागून घेतली? त्या सांगत होत्या की वेधशाळेचे प्रमुख परगावी गेलेत, खोलीत शिरून वेध घेणारं तिसरं माणूस नाही, ते परत येईपर्यंत खंड पडेल. हे खोटं नव्हतं. पण दोन-तीन बुधवार चुकले असते तर ध्रुव काही हरवणार नव्हता, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? खरी गोष्ट अशी की एकदा ते यंत्र छातीत बसलं की बाई स्वतःच लोखंडाची वस्तू होणार होत्या. आणि लोखंड बाहेर ठेवायचं असतं. फळीवर ठेवता येत नाही असं लोखंड. मग उरलेली नोकरी कशी काढायची? टेबलाशी बसून? त्यांना त्या खोलीची भूक होती असं म्हटलं तरी चालेल. तिथला लाकडाचा वास, खिडकीतून येणारा उजेड, श्वास रोखल्यावर पडणारी शांतता, हे सोडून जगायला त्या तयार नव्हत्या. निदान आजच्या आज तरी नव्हत्या.

मास्तरांनी घरी एकदाच विषय काढला. जेवताना म्हणाले, "महिनाअखेर लांब आहे गं."

"आहे की. पण दोनच बुधवार आहेत मधे."

"आतमध्ये फोनपण नसतो तुझ्याजवळ."

"आजवर कधी लागला नाही."

 भांडून बाई ऐकत नाहीत हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून बाई घराबाहेर पडल्या की दुकानावर कापड ओढून ते त्यांच्या मागे निघू लागले, बरंच अंतर राखून. बाईंना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. वेधशाळेचा पहारेकरी ओळखीचा होता. तो त्यांना आत सोडी आणि लाकडी खोली दिसेल अशा झाडाखाली बाकावर ते मांडीवर कुणाची तरी विजार घेऊन टाके घालत बसत.

बुधवार उजाडला. बाईंनी लाकडी गुंड्यांचे कपडे घातले, मास्तरांनी नेहमीसारखा चुंबक फिरवला. त्या दिवशी तो छातीपाशी जरा जास्त वेळ थांबला. 

खोलीत हवा थंड होती. बाईंनी उजेडासाठी दार उघडं ठेवलं, दुर्बीण समपातळीवर आणली, लांबची खूण धरली. पहिला कोन सुरेख आला. दुर्बीण उलटी केली, दुसराही आला. अजून डोळा शाबूत आहे म्हणून बाई स्वतःवरच खूश झाल्या. तिसऱ्या कोनाला त्यांनी श्वास रोखला, आणि मग तो सोडायचा राहिलाच. आकडे पुसट झाले, खांब बाजूला सरकल्यासारखा वाटला.

शुद्ध आली तेव्हा गालाखाली खोलीची लाकडी जमीन होती. हात हलवावा म्हटलं तर तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडून होता. जीभ जड झाली होती. छातीत काहीतरी अडखळत, थांबत, पुन्हा अडखळत होतं. उघड्या दारातून बाईंना पायरी दिसत होती, फळी दिसत होती आणि फळीपाशी मास्तर.

मास्तर इथे कसे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी पाहिलं की मास्तर भराभर कॉलरच्या टाचण्या उपसताहेत. एकेक टाचणी निघता निघत नव्हती. टाचण्या झाल्या, खिशातली छोटी कात्री झाली, किल्ल्या, घड्याळ. त्यात एक टाचणी हातातून निसटून गवतात पडली. मास्तर खाली वाकले. दोन्ही हातांनी गवत चाचपायला लागले. मधेच मान वर करून दारातून आत बघत, तोंडाने पुटपुटत, "आलो, आलो," आणि पुन्हा गवतात हात घालत.

खोलीच्या इतक्या जवळ टाचणी राहून चालणार नाही, हे बाईंना पटत होतं. शोधताहेत हे बरं आहे, असंच त्यांच्या मनात आलं. नंतर कितीही आठवलं तरी दुसरा कुठला विचार त्या वेळी मनात आल्याचं त्यांना आठवेना.

टाचणी सापडली. मास्तरांनी पट्टा ओढून काढला, एका हाताने पँट सावरत पायरी चढली आणि ते बाईंच्या शेजारी गुडघ्यावर बसणार, तोच बाईंच्या तोंडून पहिला शब्द फुटला.

"अंगुस्ताना."

मास्तरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. टाके घालताना बोटाला सुई लागू नये म्हणून घालतात ती पोलादी टोपी बोटात तशीच होती. ते उठले, धावत बाहेर गेले, टोपी फळीवर ठेवली आणि परत आले. मग त्यांनी बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहारेकऱ्याला हाका मारायला सुरुवात केली.

दवाखान्यात बाईंना तातडीने तात्पुरत्या तारा लावल्या. दुपारी डोळे उघडून बाईंनी पाहिलं तर मास्तर पलंगाशेजारी स्टुलावर बसलेले. पट्टा अजून नव्हताच, पँट सुतळीने बांधली होती. ते रडत होते. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मी टाचण्या काढत बसलो गं," मास्तर म्हणाले. "तू आत पडलेली आणि मी टाचणी शोधत बसलो."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "आत आलात तरी मीच परत पाठवलं ना तुम्हाला."

"ते बरोबरच केलंस. राहिला होता बोटात."

हे मास्तर अगदी सरळ मनाने म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता.  बायको मरायला टेकलेली असताना हा माणूस नियम पाळत होता, कारण तो नियम तिचा होता. एका टाचणीवरून कधीकाळी केलेलं भांडण त्याने आयुष्यभर उराशी धरलं होतं आणि त्याला प्रेम म्हणतात हे बाई मजेत विसरून गेल्या होत्या. बाईंना लाज वाटली. इतकी की त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

थोड्या वेळाने त्या तशाच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, मी गेले असते तर?"

मास्तरांनी बाहीने नाक पुसलं. "तर मी लोकांना काय सांगितलं असतं? कुठे होतास म्हणून कुणी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं मी?"

 बाईंनी नर्सला हाक मारून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉक्टर आले, तेव्हा बाई म्हणाल्या, ते यंत्र उद्याच बसवा. डॉक्टर म्हणाले, उद्या कशाला, ऑपरेशनचं टेबल तयार आहे, आम्ही तुम्हाला विचारत थोडेच बसणार होतो.

जखम भरायला वेळ गेला. खांद्याखाली एक उंचवटा आला, बाई त्यावर येता-जाता हात ठेवत. तब्येत सुधारली तशी जीभही सुधारली. पृथ्वीच्या पोटात एवढं लोखंड उकळतंय, तिला कुणी बाहेर ठेवत नाही, आणि माझ्या चिमूटभर लोखंडाचं मेलं केवढं कौतुक, असं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगत. भेटायला येणारे हसत. मास्तर मात्र हसत नसत, कारण रात्री झोपेत बाईंचा उजवा हात दुर्बीण फिरवल्यासारखा हलतो हे त्यांनी पाहिलं होतं.

वेधशाळेचे प्रमुख परगावाहून आल्या आल्या घरी आले. वयाने ते बाईंपेक्षा बरेच लहान. शिकाऊ म्हणून आले तेव्हा याच बाईंनी त्यांना श्वास रोखायला शिकवलं होतं. ते आता साहेब झाले होते, पण बाईंसमोर खुर्चीच्या टोकावरच बसत. म्हणाले, नोकरीची काळजी करू नका, आकडे तपासायला तुमच्यासारखी नजर कुणाकडे आहे, या आणि टेबलाशी बसा. मग जरा घुटमळून म्हणाले, आणि मला विचाराल तर खोलीचंही अजून काही ठरलेलं नाही, एवढुशा यंत्राने फरक पडेलच असं कुठे आहे?

"आणि पडला तर?"

"पडला तर केवढा पडणार? तेवढा वजा करू."

बाईंना मोह झाला. आतापर्यंत त्यांनी जे मनातल्या मनात मिटवून टाकलं होतं, ते एका शब्दाने पुन्हा जागं झालं. पण त्यांनी मान हलवली. "साहेब, वजा करायला मी दर बुधवारी त्याच जागी, तशीच वाकून उभी राहिले पाहिजे. माणूस आहे मी, खांब नाही. वजाबाकी नको. आधी मोजू. काहीच हललं नाही, तर मी आत. काही हललं, तर नाही."

"बरं," प्रमुख म्हणाले. "मोजू."

मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी बाईंना अडवलं नाही. उलट ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांनी लाकडी गुंड्यांचे कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवले. खांद्यावरच्या उंचवट्याला घट्ट होऊ नये म्हणून एका बाजूची शिवण उसवून त्यांनी ती सैल केली होती.

दोघं वेधशाळेत पोचले तेव्हा प्रमुख आधीच खोलीत होते. दुर्बिणीवरच्या यंत्राची लांब वायर दारापर्यंत आणून आकडे दाखवणारी पेटी त्यांनी उंबरठ्याशी ठेवली होती आणि तिच्यासमोर मांडी घालून ते बसले होते. मास्तर झाडाखालच्या बाकापाशी थांबले.

बाई पायवाटेने निघाल्या. फळीपाशी थांबल्या.

"काही नाही," प्रमुख पेटीकडे बघत म्हणाले.

बाई पायरी चढल्या, उंबरठा ओलांडला. लाकडाचा वास नाकात गेला आणि त्यांना रडूच यायला लागलं, पण ती वेळ नव्हती.

"काही नाही," प्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पुढे व्हा बाई."

बाई खांबापर्यंत गेल्या. आकडा जागचा हलला नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं तर प्रमुख शाळकरी पोरासारखे हसत होते. डॉक्टर म्हणाले होते, किंचितच असतं. किंचित म्हणजे खरंच किंचित असेल कदाचित. पुढचा बुधवार, त्याच्या पुढचा बुधवार, असे कितीतरी बुधवार त्या एका क्षणात बाईंच्या डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले.

आता एकच गोष्ट राहिली होती. बाई वाकल्या आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. लांबच्या खांबावरची खूण होती तिथेच होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी श्वास रोखला. छातीतलं यंत्र त्यांच्या श्वासाला न जुमानता आपलं काम करत होतं.

दारातून आवाज आला नाही.

"साहेब?"

"हललं," प्रमुख म्हणाले.

"किती?"

"थोडं. अगदी थोडं, बाई."

थोडं म्हणजे किती हे दोघांनाही कळत होतं. थोडं मोजण्यातच दोघांचा जन्म चालला होता. तिकडे वर्षभरात मैलोन् मैल सरकणारा ध्रुव इथे या खांबावर एवढासाच दिसत असे. बाईंनी दुर्बिणीचा डोळा सोडला नाही.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

प्रमुखांनी पेटीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं त्यांना झालं असावं.

"तुमच्या बाजूला."

बाई सरळ झाल्या. आयुष्यभर त्यांनी उत्तरेवर डोळा ठेवला होता. उत्तर बेटांतून निघाली, समुद्रावरून गेली, सैबेरियाकडे चालती झाली, पण वाटेत तिने कधी बाईंकडे वळून बघितलं नव्हतं. आज बघितलं. बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

"आता बघा," त्या म्हणाल्या आणि खांबावरची नजर न काढता, आकडा जागेवर आला असं प्रमुख म्हणेपर्यंत, हळूहळू मागे मागे सरत राहिल्या.